दोन-बाराच्या बांगड्या

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा मी अत्यंत हुशारीने केला. मनगट बघून माणूस ओळखणारी कासारीण, अशी सुपा गावात माझी ख्याती होती, आणि ती पसरवायचं काम मुख्यतः मीच करत होते. त्या ख्यातीच्या भरात मी एका साध्या पोराच्या मागे एक बाई लावून दिली. ती बाई कुठे अस्तित्वातच नव्हती. तरी तिच्या मनगटाची जाडी मी छातीठोकपणे सांगितली होती.

धंदा आधी थोडा समजून घ्या, म्हणजे मूर्खपणाची खोली कळेल. आम्ही बांगड्या घालत नाही, भरतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. डझन हातात घेतला की आधी एकमेकींवर वाजवून बघतो. तडा गेलेली काच दिसायला धड असते, पण आवाज बद्द येतो. भरताना बाईचा अंगठा तळहातात दुमडायचा, बोटांची मुळं दाबून हात लहान करायचा, आणि तेवढ्यात तिला सासरचं काहीतरी विचारायचं. ती रागारागाने सांगायला लागते, हात सैल पडतो, बांगडी आत. शब्द जपून वापरायचं वळण मला धंद्याने लावलं. तोंड जपून वापरायचं राहून गेलं.

मापं अशी : दोन-चार म्हणजे कोवळी पोर. दोन-सहा, दोन-आठ म्हणजे घरोघरची बाई. दोन-दहा म्हणजे अंगाने भरलेली. आणि दोन-बाराचा एखादाच डबा आम्ही तळाशी ठेवायचो, कारण तसं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच. नवरे माप सांगायला यायचे तेव्हा मजा असायची. अंगठा आणि बोट जुळवून हवेत वाटोळं करायचे, "एवढा हात हाय बघा तिचा." त्यातून कधी घागर गेली असती, कधी सुपारी अडकली असती. बायकोचा हात इतक्या वर्षांत धड धरलेला दिसत नाही, असं मी मनात म्हणायची. कधीकधी मोठ्यानेही.

माझ्या सासूने दुकानात बसवताना सांगितलं होतं, तिघांवर नजर ठेव : पदर सारखा सावरणारी, मालाची फार स्तुती करणारी, आणि एकटा पुरुष. पहिल्या दोघींना मी सवयीने सांभाळत होते. तिसरा भास्कर होता.

भास्कर आमच्या शेजारच्या शेवंताक्कांचा थोरला. वीस-एकवीसचा, पुणे रस्त्यावरच्या गॅरेजात कामाला. हात बारीक, दोन-आठाचा. उजव्या मनगटावर सायलेन्सरचा भाजल्याचा चंद्रकोरीसारखा डाग. दर दोन-तीन महिन्यांनी यायचा आणि मान खाली घालून हिरव्या बांगड्या मागायचा. दोन-बाराच्या.

"कुणाला रे?"

"मावशीला."

"कुठली मावशी?"

"खर्ड्याची. जामखेडकडं."

खर्डा लांब पडतं, उगाच कुणी चौकशीला जात नाही. खोटं बोलणाऱ्याने गाव तरी चांगलं निवडलं होतं. पण शेवंताक्का चार भावांत एकटी, हे मला पक्कं ठाऊक होतं. संशयाने माझ्या अंगात असा काही उत्साह आला की जेवण गोड लागेना. पोराने बाई ठेवलीय. आणि माप दोन-बारा म्हणजे बाई चांगली थोराड, वयाने मोठी, बहुतेक नवऱ्याने टाकलेली. मी चेहरा न बघता तिचा सगळा इतिहास रचला.

आणि आक्कांना जाऊन सांगितला.

आक्का आधी घाबरल्या, मग त्यांनाही चेव आला. आम्ही दोघी ओट्यावर बसून गावातली जाड मनगटं आठवायला लागलो. पिठाच्या गिरणीवालीवर एकमत झालं. आक्का तिच्या दारात जाऊन भांडल्या. गिरणीवालीने उत्तर म्हणून पिठाचं सूप त्यांच्या डोक्यावर रिकामं केलं. पांढऱ्याफटक आक्का रस्त्याने परत येताना बघून मी दुकानात पोट धरून हसले. तिथेच थांबलं असतं तर ही गोष्ट नुसती हसण्याची राहिली असती.

पण आक्का आता पुरावा शोधायला लागल्या. बाईचा फोटो मिळेल म्हणून त्यांनी भास्करची पेटी उघडली. आत त्यांचंच एक जुनं लुगडं होतं, पावडरचा डबा होता, आणि फडक्यात गुंडाळलेल्या बांगड्या. वापरून काचेवरची सोनेरी रेघ पुसट झालेल्या.

बाप घरातच होता. मग काय झालं ते भिंतीपलीकडून मला ऐकू आलं. सकाळच्या पहिल्या एसटीने भास्कर पुण्याला गेला. आक्कांनी मला एवढंच विचारलं, "तुला हात वळखता येतो ना गं कमल?" त्यानंतर त्या बांगड्या भरायला नगरला जायला लागल्या.

मी मात्र माझीच बाजू घेत राहिले. त्याचा हात दोन-आठ, बांगड्या दोन-बारा, मग मला कसं कळणार? माप चुकलं नव्हतं माझं! अशी मी तेव्हा होते. पोर परागंदा झालं आणि हिला मापाची पडली होती.

बरीच वर्षं गेली. दुकानाचं "लेडीज शॉपी" झालं. गल्ल्यावर नातसून स्नेहल बसायला लागली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, फुकट सल्ला द्यायला. एके दुपारी एक उंच बाई आत आली. पंजाबी ड्रेस, केसांत पांढरी बट, पर्स खांद्याला. आली, काही मागितलं नाही, नुसती बसली. एकटा पुरुष नव्हे, तरी माझी नजर सासूच्या शिकवणीप्रमाणे तिच्या हातावर गेली. मनगटावर चंद्रकोर.

"वळखलं का काकू?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. जुना हिशोब फेडायला आली, दुसरं काय. मी स्नेहलला खूण केली की काउंटरवरचा आरसा आत घे, ती फोडेल.

"आरसा राहू द्या," ती म्हणाली, "चहा सांगा."

तिचं नाव आता भारती. एमआयडीसीत परगावच्या पोरांची मेस चालवत होती, वर्षभर माझ्या दुकानापासून दोन फर्लांगावर, आणि मला पत्ता नाही. वडील गेल्यापासून आक्का तिला रात्री मागच्या दाराने घरात घेत होत्या. पण सणावाराला नाही, पाहुण्यांपुढे नाही.

चहा आल्यावर मी विचारलंच, "आता तुला म्हणायचं तरी काय गं?"

"आजी!" स्नेहलने डोळे मोठे केले. "असं विचारत नाहीत."

"विचारू द्या की," भारती म्हणाली. "मागनं बोलन्यापरीस बरं. नावाचं म्हनाल तर भारती. बाकी शब्द लई हायेत काकू, पन त्यातला एकबी मला इचारून केल्याला न्हाई."

शब्दांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. नवा शब्द दुकानात आला की त्याने काय विकायचंय हे मी आधी बघते. म्हटलं, बसलोच आहोत तर एकेक वाजवून बघू.

पहिला गावचाच, बायल्या. त्याला वाजवायचीही गरज नव्हती, भारती लहानपणापासून ऐकत आलेली. "बाई"वरून केलेली शिवी. मी विचार करायला लागले आणि मला राग आला. कारण त्या शिवीत वाईट असं जे काही आहे ते बाईपणच. म्हणजे भास्करला देत होते आणि लागत मला होती. मीसुद्धा ती खुशाल वापरलेली.

दुसरा, हिजडा. भारती म्हणाली, "माझी गुरू सांगायची, अरबीतनं आलाय. घरदार सोडून जानं, असा अर्थ."

स्नेहलने मोबाईल चाळला. "त्याबद्दल जाणकारांचं एकमत नाही म्हणे."

"नसूं द्या. माझ्यापुरता खरा हाय. पहिल्या एसटीनं सोडलं मी." चहाचा घोट घेऊन ती म्हणाली, "गावात ती शिवी हाय, पन हिजड्यांच्या घराण्यात मान हाय. तितं गुरू असती, चेल्या असत्यात, रीतभात असती. मी लई वर्सं राहिले, मग निघाले. त्यामुळं तो शब्दबी आता माझा न्हाई. माझ्यासारख्या लई जनी कुटल्याच घराण्यात नसत्यात. लोकास्नी वाटतं समद्या एकच."

मला तेच वाटत होतं. मी बिस्कीट पुढे केलं.

किन्नर शब्द टीव्हीवरून आमच्या ओळखीचा. पुराणातले देवांच्या दरबारी गाणारे ते किन्नर. स्नेहलने वाचून दाखवलं की जुने पंडित त्याची फोड करतात, किं नर, म्हणजे हा नर आहे काय?

"म्हणजे शब्दाच्या पोटातच संशय!" मला तो शब्द एकदम माहेरचा वाटला.

"म्हनून तर मला नको," भारती म्हणाली. "जन्मभर लोक तेच इचारत्यात. नावातबी तेच कशाला?"

तृतीयपंथी हा वर्तमानपत्राचा शब्द, सोवळ्यातला. त्यात शिवी नाही हे खरं. पण भारतीने भुवई उडवली. "पंथ म्हंजे दीक्षा घेत्यात तो. मी कवा दीक्षा घेतली? आन तिसरा नंबर म्हनत्यात, तर पयला कुनाचा ठरला?"

"पहिला कुणाचा ते मला लग्नानंतर आठच दिवसांत कळलं होतं," मी म्हटलं. दोघी हसल्या. भीती थोडी कमी झाली, संशय नाही.

मग स्नेहल सरसावली, कारण आता तिच्या कॉलेजातले शब्द यायचे होते. ट्रान्सजेंडर. ट्रान्स म्हणजे लॅटिन भाषेत पलीकडे. जेंडर म्हणजे मुळात नुसतं "प्रकार", व्याकरणातून आलेलं. जन्मल्यावर दुसऱ्यांनी बघून मुलगा की मुलगी ठरवलं ते एक, आणि माणसाला स्वतःला आतून कळतं ते दुसरं. ज्यांचं हे दोन्ही जुळत नाही ते ट्रान्सजेंडर. मराठीत त्याला नवा शब्द केलाय, पारलिंगी. पार, म्हणजे पलीकडचं.

दुकानासमोर रस्त्यावर ट्रान्सपोर्टच्या पाट्या लागलेल्या. इतकी वर्षं बघत होते, हा शब्द त्यातलाच हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण पारलिंगी मी दोनदा म्हणून बघितला. जीभ अडखळली. "हा कुणाच्या तोंडात बसायचा नाही."

"त्योच बरा हाय मग," भारती म्हणाली. "शिवी व्हायला येळ लागंल त्याला."

"आणि आजी, ज्यांचं जुळतं त्यांनाही शब्द आहे," स्नेहल म्हणाली. "सिसजेंडर. सिस म्हणजे अलीकडे. म्हणजे तुम्ही."

"मला?" मी खुर्चीत सरळ झाले. "मला कशाला शब्द? कुणी ठेवला? मी काय कुणाचं वाकडं केलंय?"

भारतीला असा ठसका लागला की चहा ओढणीवर सांडला. डोळे पुसत ती म्हणाली, "आता कळलं का काकू, कसं वाटतं ते?"

कळलं. पण सहज मान्य करण्याचा माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, माणसाने आहे ते नाव सोडून दुसरं घ्यावंच कशाला? त्यावर तिने बाहेर थांबलेल्या एसटीकडे बोट केलं. पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं. "अख्ख्या जिल्ह्याचं बदललं. तुमी म्हनता नगरच, पन गाडी पोचती ना?"

निघताना मी दिलदारपणाने डबा काढायला लागले. "थांब, हात भरून जा. पैसे नकोत."

तिने हात मागे घेतले. "दुकानात न्हाई काकू. दुकानात कुनालाबी मिळत्यात. घरच्या कार्यात, घरच्या बायकांच्या वळीत बसून भरायच्यात मला. तवर रिकामेच बरे."

ती गेल्यावर मी कितीतरी वेळ त्या वाक्यावर संशय घेऊन बघितला. कुठूनही बद्द वाजेना.

घरचं कार्य मागच्या उन्हाळ्यात निघालं. भारतीच्या धाकट्या बहिणीची, मंदाची मुलगी पूजा. लग्न आजोळीच, आक्कांच्या दारात ठरलं. आणि एके सकाळी काठी टेकत आक्का स्वतः दुकानाच्या पायरीशी. इतक्या वर्षांनी.

"पूजाचा चुडा तू भरायचा."

"आक्का, माझा हात कापतो आता. स्नेहल येईल."

"तूच ये," म्हणाल्या आणि वळल्या.

का? चार लोकांत अपमान करायला? मी दोन दिवस कुढत होते. तिसऱ्या दिवशी भारती आली तेव्हा वेगळंच कळलं. मंदाने तिला गळ घातली होती. सख्खा मामा एकच. मंगलाष्टकांना नवरीच्या मागे मामा उभा राहतो. नवऱ्याकडच्यांना काही माहीत नाही. एक दिवस शर्ट घाल, भास्कर म्हणून ये, माझ्या पोरीसाठी.

"मग?"

"हो म्हनले."

"आणि बांगड्या?"

"मामाला कुटं भरत्यात बांगड्या, काकू?" ती म्हणाली. चेहरा असा सपाट की मला दुसरं काही विचारवेना.

अडचण साधी होती. लग्नघरी भरलेला चुडा काढायचा नसतो, आपोआप वाढेल तेव्हाच. हळदीला हात भरले तर दुसऱ्या दिवशी शर्टाच्या बाहीतून सगळ्या मांडवाला ऐकू जाणार. एक तर मामा, नाहीतर मावशी. दोन्ही होत नव्हतं.

हळदीच्या सकाळी स्नेहल डबे भरत होती. "आजी, दोन-बाराचा कशाला घेताय? त्या घरात एवढा हात कुणाचा?"

"तू डबे उचल," मी म्हटलं.

आक्कांच्या अंगणात मांडव, खाली सतरंजी. नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन त्याची आत्या दोन बायकांसह आलेली. मला वाटायचं गावात संशयात माझा हात धरणारी कुणी नाही, पण ही आत्या वरचढ होती. हळदीच्या वाटीपासून मांडवाच्या दोरीपर्यंत सगळं तपासून तिची नजर खांबाशी बसलेल्या उंच माणसावर थांबली. शर्ट, मनगटापर्यंत बटणं, डोक्यावर टोपी, टोपीखाली कोंबलेले केस.

"हे कोण?"

"मुलीचे मामा," मंदा घाईने म्हणाली.

"मामांना भरउन्हाळ्यात टोपीत गरम होत नाही का?"

मी पूजाचा हात ओढला आणि तिच्या सासूबद्दल विचारायला लागले. हिरवा चुडा भरला. हात कापला, पण एकही वाढली नाही. मग मंदा, मग काकू, चुलत्या, शेजारणी, यांचे हात स्नेहल भरत गेली. आक्कांच्या हातात दोन चांदीच्या, विधवेला तेवढंच म्हणून त्या बाजूला काठीवर हनुवटी टेकून.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कार्यातल्या घरात डबे बंद करायच्या आधी कासारणीने विचारायचं असतं, आणि घरातून "कुणी न्हाई" आल्याशिवाय झाकण लावायचं नसतं. घरची एकही बाई रिकाम्या हाताने राहू नये म्हणून. मी विचारलं.

"कोण राहिलं गं?"

"कुणी नाही काकू, झालं सगळं," मंदा म्हणाली.

माझा हात झाकणावर होता. लावायला हवं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड जपून वापरायचं ठरवलं होतं, म्हणून गप्प बसले. फक्त झाकणही लावलं नाही.

"मावशी राहिली ना," पूजा म्हणाली.

आत्याची मान हळूहळू खांबाकडे वळली. मंदाने डोळे मिटून घेतले. भारती जमिनीकडे बघत होती, एका हाताने दुसऱ्या हाताचं बटण घट्ट धरून.

काठी सतरंजीवर आपटली.

"कमल," आक्का म्हणाल्या, "माज्या लेकी दोन हायेत. तू एकीलाच भरल्यास."

आत्याला वाचा फुटली. "अहो, मग उद्या मामा म्हणून उभं कोण राहणार?"

"चुलत मामा चार हायेत. मामा रग्गड हायेत आमच्यात," आक्का तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "मावशी एकच हाय."

आत्याने हळदीची वाटी उगाच इकडून तिकडे सरकवली. पुढे तिच्या घरी काय चर्चा झाली असेल ती असो. लग्न झालं, पूजा नांदते आहे, आत्या अजून संशयी आहे.

मंदा उठली. खांबाशी गेली, आणि थोरल्या बहिणीच्या डोक्यावरची टोपी तिने स्वतः काढली. भारती आली, माझ्यापुढे बसली, बाहीची बटणं सोडून शर्ट कोपरापर्यंत वर केला. चंद्रकोर तशीच होती. खर्ड्याची मावशी शेवटी सुप्यातच सापडली.

मला अर्थात आता मिरवायचं होतं. कासारीण माप विसरत नाही! मी तळाचा डबा ऐटीत वर काढला, दोन-बाराच्या हिरव्या बांगड्या कानाशी वाजवल्या, आणि तिचा अंगठा दुमडायला हात पुढे केला. तिने माझं मनगट हलकेच धरलं.

"ह्या नको, काकू. ह्या सैल म्हनून घेत व्हते तवा. दार वाजलं की झटक्यात काढता याव्यात म्हनून. आता हाताला बसतील त्या भरा. आता काढायच्या न्हाईत."